वानराचं पोट आणि आपली पुडी

आम्ही वालीवच्या बचत गटातल्या जणी. आज वानरांबद्दल बोलायचं आहे.

आमच्या उशाशी तुंगारेश्वरचा डोंगर. २००३ साली हे जंगल अभयारण्य झालं. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी देवळात गर्दी लोटते. त्या गर्दीत आमचा गट रस्त्याच्या तोंडाशी फुटाण्यांच्या पुड्या विकायचा. ‘वानराला घाला, मारुतीला पोचेल,’ असं आम्हीच ओरडायचो. कर्जाचा हप्ता त्यातून सुटायचा. मग एका सोमवारी आमच्याच गटातल्या एका ताईंच्या नातीच्या हातून पुडी ओढताना वानराने तिचा हात ओरबाडला. पोरीला इंजेक्शनं घ्यावी लागली. तेव्हा आम्ही पहिल्यांदा विचारलं, हे जनावर एरवी खातं तरी काय?

आधी ओळख नीट करून घेऊ. लाल तोंडाचं, आखूड अंगाचं ते माकड. ते गालाच्या पिशवीत खाऊ कोंबून पळतं. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, अंगापेक्षा लांब शेपटीचं ते वानर. त्याच्या गालात पिशवी नसते. त्याची खरी करामत पोटात आहे.

आपली गाय आठवा. तिच्या पोटाला कप्पे असतात, त्यात चारा आंबतो आणि मग पचतो. वानर रवंथ करत नाही, पण त्याच्याही पोटाला कप्पे असतात. त्यातले बारीक जंतू पाला आंबवतात. म्हणून कोवळी पानं, कळ्या, फुलं, उंबरं, बिया यांवर ते जगतं. गाईला एकदम पीठ किंवा शिळा भात जास्त झाला की पोट फुगतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बिस्किटं, पाव, गोडधोड यांनी वानराच्या पोटाचीही घडी अशीच बिघडते. एका फुटाण्याने ते मरत नाही. पण आयत्या खाण्याची चटक लागली की ते झाड सोडून रस्त्यावर बसतं, गाडीखाली येतं, पोरांच्या अंगावर धावतं.

पाल्यात ताकद कमी, म्हणून त्याचा दिवस संथ असतो. सकाळी चरायचं, दुपारी सावलीत बसून पचवायचं, एकमेकांचे केस निवडायचे, संध्याकाळी पुन्हा चरायचं आणि रात्री उंच झाडावर झोपायचं. बिबट्या दिसला की वरून खकारल्यासारखी हाक येते. ती ऐकून खालची हरणंही सावध होतात.

आणि त्यांचं घर बघा. मादी जन्मभर आपल्या आईच्या टोळीतच राहते. घर सोडून जातो तो नर! साधारण साडेसहा महिन्यांनी एकच पिल्लू होतं, रंगाने काळपट. ते जन्मलं की टोळीतल्या बाकीच्या माद्या त्याला आळीपाळीने घेतात, तेवढ्यात बाळंतीण पोटभर चरून येते. संकटही असतं. धारवाडकडच्या जंगलात १९६०च्या दशकात जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी पाहिलं, की बाहेरचा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा तान्ह्या पिल्लांचा जीव घेतो. अशा वेळी माद्या पिल्लासाठी त्या नराशी झुंजतातही.

हे सगळं समजल्यावर गटाच्या बैठकीत वाद झाला. ‘पुण्याचं काम कसं बंद करायचं?’ एक म्हणाली. ‘आणि हप्ता कुठून भरायचा?’ दुसरी म्हणाली. दोन्ही प्रश्न खरे होते. शेवटी पुड्या बंद केल्या आणि बेल, फुलं, वाती विकायला घेतल्या. पहिल्या महिन्यात गल्ला निम्म्यावर आला, खोटं कशाला सांगू? पुढे हळूहळू सावरला.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावात वानरं असतील तर खायला घालू नका, खाऊची पिशवी झाकून न्या, त्यांच्याकडे रोखून बघू नका. चावलं किंवा ओरबाडलं तर हळद-चुना न लावता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

वानराला खरंच काही द्यायचं असेल, तर बांधावरचं उंबराचं झाड तोडू नका. तेच त्याचं ताट आहे.