फुल्ली फर्निश्ड घर आणि गिझरच्या मुंग्या

आजचा भाग आहे भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांसाठी. सकाळी बाथरूममध्ये शिरताना ‘आज तरी गिझर नीट चालू दे रे बाबा’ असं म्हणत असाल, तर हेडफोन लावा आणि शेवटपर्यंत ऐका. कारण ही गोष्ट मी सुरुवातीला हसत हसत सांगायचे. आता नाही सांगत.

तीन वर्षांपूर्वी मी लातूरहून पुण्याला आले. मैत्रीण आणि मी, दोघींनी मिळून वाकडला एक वन बीएचके घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं, फुल्ली फर्निश्ड. भाडं 22,000, डिपॉझिट 50,000. घर बघायला गेलो संध्याकाळी सातला. ब्रोकर म्हणाला, “ताई, अजून दोन पार्ट्या खाली उभ्या आहेत.” झालं! आम्ही वीस मिनिटांत टोकन देऊन मोकळ्या. फ्रिज होता, पण बंद होता. बेडवर मस्त फुलाफुलांची चादर होती. घर बघताना चादर उचलून बघायची असते, हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवतात?

राहायला गेलो आणि एकेक वस्तू बोलायला लागली. फ्रिजच्या दाराचं रबर सैल, त्यामुळे आत बर्फाचे डोंगर. बेडच्या प्लायला मधोमध तडा, तो आम्ही खाली विटा रचून सावरला. टीव्ही युनिट खालून पाण्याने फुगलेलं. आणि गिझर. गिझर चालू असताना नळाला हात लावला की बोटांना बारीक मुंग्या यायच्या.

घरमालक काकांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, पाय ओले असतील. चपला घालून आंघोळ करत जा.” आणि आम्ही दोघी शिकल्या-सवरलेल्या मुली, खरंच रबरी चपला घालून आंघोळ करायला लागलो! तीन महिने. का? कारण भीती होती, की जास्त कटकट केली तर काका म्हणतील, ‘पटत नसेल तर खोली सोडा.’ पुण्यात दुसरं घर शोधायचं, पुन्हा ब्रोकरेज, पुन्हा टेम्पो. त्यापेक्षा चपला परवडल्या.

मग दिवाळीनंतर आई आली. तिला कोण सांगणार चपला घालायला? मी सांगायचंच विसरले. सकाळी बाथरूममधून बादली पडल्याचा आवाज आला, आणि आईची हाक. धावत गेले. नळावरचा हात झटक्याने मागे गेला होता आणि ती भिंतीवर आपटली होती. मनगट सुजलं, बाकी नशीब चांगलं. वर मलाच म्हणते, “काही नाही गं, जरासं लागलं. तू ऑफिसला जा.” मी गेले नाही. त्या दिवशी मला काकांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. तीन महिने मला माहीत होतं ना.

तासाभरात इलेक्ट्रिशियन दादा आले. त्यांनी 16 अँपिअरचं सॉकेट उघडलं आणि मला बोलावून दाखवलं. बाहेरून तीन भोकं, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नाही. अर्थिंग जोडलेलंच नव्हतं! मग त्यांनी समजावलं, ते तुम्हीही नीट ऐका. आपल्याकडे टँकरचं, बोअरचं जड पाणी. त्याचा पांढरा थर गिझरच्या कॉइलवर बसतो. थर वाढला की कॉइल जास्त तापते आणि कधीतरी तिच्या नळीला तडा जातो. मग वीज पाण्यात, टाकीत, नळापर्यंत उतरते. अर्थिंग धड असेल तर ती त्या वायरने जमिनीत जाते. नसेल तर ती वाट बघते, तुमच्या हाताची. दादा म्हणाले, “ताई, मुंग्या येणं म्हणजे गिझर तुम्हाला आधी सांगत होता.”

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली, घरात आरसीसीबी आहे का? मेन बोर्डात टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असलेला तो स्विच. घरात साधारण 30 मिलिअँपिअरचा बसवतात. वीज गळायला लागली की तो क्षणार्धात लाइन तोडतो. आमच्याकडे होता, पण कोणीतरी त्याला बायपास करून ठेवलं होतं. म्हणजे सारखा पडतो म्हणून पहारेकऱ्यालाच घरी पाठवलेलं.

मग आला पैशाचा प्रश्न. काका म्हणाले, “गिझर तुम्ही वापरता, तुम्हीच करा.” मी भडकले आणि कायदा शोधायला बसले. जे सापडलं ते माझ्या सोयीचं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते. केंद्र सरकारने 2021 मध्ये एक आदर्श भाडेकरू कायदा तयार केलाय. त्यात दुरुस्तीची वाटणी दिलीये. करारात वेगळं ठरलं नसेल तर मालकाकडे येतं बांधकामाचं मोठं काम, रंग, पाइप, वायरिंग. आणि राहणाऱ्याकडे नळ, स्विच, सॉकेट आणि, हो, गिझरची दुरुस्तीसुद्धा! म्हणजे त्या हिशोबाने कॉइल माझी, पण अर्थिंगची वायर काकांची. हा मसुदा राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, पण वाटाघाटीला बसताना यादी म्हणून चांगला आहे. मी काकांना तसंच सांगितलं. कॉइलचे पैसे आम्ही दिले, वायरिंगचे आणि आरसीसीबीचे त्यांनी. भांडण दहा मिनिटांत संपलं.

आपल्या महाराष्ट्राचा कायदा आहे 1999 चा भाडे नियंत्रण कायदा. त्यातलं कलम 14 म्हणतं, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. ऐकायला भारी वाटतं, ना? पण थांबा. आपला 11 महिन्यांचा कागद बघा. त्यावर बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलेलं असतं. म्हणजे कागदावर तुम्ही भाडेकरू नसता, लायसन्सी असता. म्हणून हे कलम आपल्याला आपोआप लागू होईल असं धरून पैसे कापू नका. जे हवं ते करारातच लिहून घ्या. आणि करार नोंदवलेलाच हवा. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी कलम 55 ने मालकावर टाकली आहे.

आता सगळ्यात कडू भाग. घर सोडताना काकांनी 14,000 कापले. कशाचे? फुगलेल्या टीव्ही युनिटचे! जे आम्ही येण्याआधीच फुगलेलं होतं. मी म्हटलं, “काका, हे आधीपासून असंच होतं.” ते म्हणाले, “फोटो आहे का?” फोटो नव्हता. आमच्या फोनमध्ये त्या दिवशीच्या पाणीपुरीचे अकरा फोटो होते, टीव्ही युनिटचा एक नाही.

म्हणून दुसऱ्या घराच्या वेळी मी काय केलं, ते सांगते. घर दिवसा बघितलं. फ्रिज आधीच लावून ठेवायला सांगितला. दारात दहाची नोट अडकवून ओढली. सहज निघाली तर रबर गेलंय. वॉशिंग मशीन रिकामंच पाच मिनिटं फिरवलं. गिझर चालू करून, हात न लावता, आधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं. खटका पडला पाहिजे. सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं.

मग फर्निचर. पार्टिकल बोर्डचं कपाट असेल तर खालची कड बघा, कारण पुसताना पाणी तिथेच लागतं आणि एकदा फुगलं की ते परत बसत नाही. कपाट भिंतीपासून थोडं ओढून मागे बघा. मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर वाळवी आहे. आणि गादी! शिवणीवर टॉर्च मारा. पेनाने टिंब काढल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ढेकूण. अशी गादी फुकट दिली तरी नको म्हणा. माझ्या मैत्रिणीने पुढच्या घरात ती ठेवून घेतली आणि पुढचे दोन महिने झोप विसरली.

राहायला गेल्याच्या दिवशी दाराच्या कडीपासून गॅलरीच्या नळापर्यंत एक सलग व्हिडिओ काढला, मालकीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला, सोबत यादी: काय आहे, काय मोडलेलं आहे. खाली लिहिलं, “काकू, काही चुकलं असेल तर कळवा.” त्यांचा अंगठा आला. तो अंगठा मी आजही जपून ठेवलाय! काही बिघडलं की आधी फोन करते, मग लगेच मेसेजही: काय बिघडलं, कधीपासून, फोटो, आणि कधीपर्यंत माणूस पाठवाल. भांडणाची भाषा नाही, पण तारीख असते.

आणि मालक लोक वाईटच असतात, असं मी म्हणत नाहीये. आमच्या काकांनाही अर्थिंग नाही हे माहीत नसेल. पण त्यांना माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही, या दोन्हींच्या मधे माझी आई उभी होती.

तेव्हा आज एकच काम. हा भाग संपला की मेन बोर्ड उघडा आणि ते टेस्ट बटण दाबा. खटका पडला तर छान. नाही पडला, किंवा बटणच सापडलं नाही, तर गिझर बंद ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. मालकाला मेसेज नंतर करा, पण करा. आणि तुमच्याकडे पाहुणे येणार असतील, तर चपला घ्यायला सांगू नका. आधी गिझर नीट करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि चादर उचलून बघत जा!