शेवटाकडून सुरुवातीकडे

मॅरिलिन मॅन्सन या अमेरिकन बँडचं नाव निघालं की बोलणं पांढऱ्याफटक चेहऱ्यावर आणि रंगमंचावर फाडलेल्या बायबलवर जातं, आणि तिथेच अडकतं. तुम्ही ऐकणारी मंडळीसुद्धा मोबाइलवर चार गाणी इकडून तिकडून उचलता. असं करू नका. त्यांचे तीन अल्बम सलग, क्रमाने ऐका.

'अँटिख्राइस्ट सुपरस्टार' १९९६चा, 'मेकॅनिकल ॲनिमल्स' १९९८चा, 'होली वुड' २०००चा. तिन्हींची मिळून एकच कथा आहे, आणि ती शेवटाकडून सुरू होते. विणलेला स्वेटर उसवताना आपण शेवटच्या ओळीचं टोक ओढतो. सुईवर पहिल्यांदा घातलेले टाके हाती येतात ते अगदी अखेरीस. इथेही आधी नायकाचा सर्वनाश, मग प्रसिद्धीने पोकळ झालेला तारा, आणि शेवटी तो मुळातला भाबडा बंडखोर मुलगा.

पहिल्या अल्बममध्ये निर्माता ट्रेंट रेझनरच्या साथीने घडवलेला यंत्रांचा कर्कश खडखडाट आहे. दुसऱ्यात एकदम गायक डेव्हिड बोवीच्या वळणाचा चकचकाट! जुने चाहते रुसले. पण उसवलेल्या लोकरीत जुन्या टाक्यांची वळणं राहतातच. तशी या चकचकाटातही तीच कथा चालू आहे: निम्मी गाणी ओमेगा नावाचा झगमगता तारा म्हणतो, निम्मी अल्फा नावाचा एकाकी माणूस; सीडीसोबतची पुस्तिकाही दोन्ही बाजूंनी उघडते. सुटं गाणं ऐकून हे कळेल कसं?

मधेच २० एप्रिल १९९९ला अमेरिकेतल्या कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला. मारेकरी या बँडचे चाहतेही नव्हते, तरी खापर बँडवर फुटलं. 'होली वुड' हे त्याला दिलेलं उत्तर आहे: बंदुका, देव आणि मृत्यूचा तमाशा मांडणारा टीव्ही, सगळ्यांना त्यात जाब विचारलाय. माझ्या मते तिघांत हाच सर्वांत भक्कम.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: बँडचा गायक ब्रायन वॉर्नर याच्यावर २०२१ मध्ये अनेक स्त्रियांनी अत्याचाराचे जाहीर आरोप केले. त्याने ते नाकारले. त्या आरोपांमुळे कुणाला हा आवाजच नकोसा वाटला, तर माझा आग्रह नाही.

पुन्हा सांगते, क्रम मोडू नका. तिन्ही मिळून साधारण साडेतीन तास लागतात. आधी निघाले त्या क्रमाने ऐका, आणि मग कधीतरी 'होली वुड'पासून उलटे.