आजोबांच्या पटावरचे नियम



'शाळेची एखादी आठवण सांग' असा निरोप आला, तेव्हा मी बक्षिसाची आठवण शोधायला लागले. ती काही सापडेना. म्हणून हरल्याची सांगते.

आमच्या घरी बुद्धिबळ आजोबा शिकवायचे, तेही जुन्या देशी पद्धतीचं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे. कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला, तोवर एकदाही शह बसला नसेल तर, डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की सरसकट वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचलं, ते मोहरं. राजाच्या पट्टीत मात्र वजीर. त्यामुळे आजोबा मधली दोन प्यादी जिवापाड जपत आणि घोड्याच्या पट्टीतलं खुशाल मारू देत. एकट्या घोड्याने मात कुठे होते? मला हा नियम आजही चालू नियमापेक्षा हुशारीचा वाटतो.

प्याद्याची दोन घरं, कॅसलिंग वगैरे मी शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रिणीकडून शिकले. नवीन काय ते तिने शिकवलं. जुनं काय बाद झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही. (सॉफ्टवेअरमध्ये हीच चूक मी पुढे वीस वर्षं पाहते आहे, पण ते असो.)

आठवीत आंतरशालेय स्पर्धेला गेलो. तिसऱ्या फेरीत समोरच्याचा उंट माझ्या राजावर रोख धरणार असं दिसलं आणि मी ऐटीत राजाला उडी मारली. मुलाने हात वर केला. पंच आले. चाल रद्द. पण राजाला हात लागला होता, म्हणजे राजाच हलवायला हवा. माझा उंट अजून घरातच, त्यामुळे कॅसलिंगही होईना. राजा एक घर पुढे, उघड्यावर आला. दहाएक चालींत मी हरले आणि संघ स्पर्धेबाहेर गेला.

सरांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" आजोबांचं नाव घ्यायला जीभ रेटेना. मी मैत्रिणीकडे बोट दाखवलं. तिने सरांचं बोलणं ऐकून घेतलं, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीतला आमचा डाव बंद झाला.

आजोबांना मात्र सगळं खरं सांगितलं. त्यांनी मीर सुलतान खानची गोष्ट सांगितली. पंजाबातला हा माणूस असंच देशी बुद्धिबळ खेळत मोठा झाला, मग विलायती नियम शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटनचा विजेता झाला. "त्याने आधी नियम विचारून घेतले असणार," आजोबा म्हणाले. मग म्हणाले, "त्या मुलीला घरी बोलाव."

मी बोलावलं नाही.

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. सर, तो नियम तिने मला शिकवला नव्हता. आणि तुला सांगते गं, आजोबांचा लाकडी पट गाडीत आहे. जेवणं झाली की बसू. नियम तू सांग.