रानातला साकव : फळ्या कोणी बसवायच्या?



अहिल्यानगर जिल्हा म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अवर्षण, चाराछावण्या आणि टँकर उभे राहतात. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या परिसरात, आषाढ-श्रावणात पावसाला खंड नसतो. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड ही सारी याच मुलखातील स्थाने. १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही येथलेच. पावसाळ्यात येथील लहानसा ओहोळही नदीचे रूप धारण करतो आणि त्यावरचा अरुंद साकव हाच माणसाचा आधार ठरतो.

गिर्यारोहकाच्या दृष्टीने साकव हा वाटेवरचा एक टप्पा असतो. वाडीवरील कुटुंबाच्या दृष्टीने मात्र तीच शाळेची, रेशनची, दवाखान्याची आणि राजूरच्या बाजाराची वाट असते. एकाच साकवावरून दोन जगे ये-जा करतात, हे ध्यानी घेतल्यावाचून त्याच्या दुरुस्तीचे महत्त्व उमगणार नाही.

काही वर्षांपूर्वी भर पावसात अशाच एका वाडीवर जाण्याचा प्रसंग आला. साकवाच्या चार फळ्या वाहून गेल्या होत्या. ग्रामस्थांनी त्या जागी बांबू आडवे बांधले होते. एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात धाकट्या भावाचा हात धरून एक शाळकरी मुलगी त्यावरून गेली. सोबतच्या वडीलधाऱ्यांनी मला पत्रव्यवहार दाखविला. एका कार्यालयाने जमीन आपली नसल्याचे कळविले होते, दुसऱ्याच्या नोंदवहीत साकवच नव्हता आणि तिसऱ्याकडे तरतूद नव्हती. तिन्ही उत्तरे नियमाला धरून असतील. फळ्यांची जागा मात्र रिकामीच होती.

अशा रिकाम्या जागेचे मोल काय असते, हे आपण पाहिले आहे. १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत, मावळ तालुक्यात कुंडमळा येथील इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांना प्राणास मुकावे लागले. धोक्याचा फलक तेथे होता. फलक लावल्याने कर्तव्य पुरे होत नाही, हाच त्या दुर्घटनेचा धडा होय.

येथे थोडा हिशेब मांडतो. दहा मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद साकवाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर भरते. दाट गर्दीचा भार चौरस मीटरला ५०० किलोग्रॅम धरला, तर एकूण भार सहा टनांच्या वर जातो. एरवी अंतर ठेवून जाणाऱ्या पाच माणसांचा भार जेमतेम ३०० किलोग्रॅम असतो. वर्षानुवर्षे टिकलेला साकव एखाद्या सुटीच्या दिवशी का मोडतो, याचे उत्तर या वीसपट फरकात आहे. काजवे पाहण्यास किंवा पावसाळी सहलीस लोटणारी गर्दी लक्षात घेऊनच दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार झाले पाहिजे.

साकव बहुधा खालून खचतो. पुराचे पाणी काठावरील बांधकामाखालची माती पोखरते, वाहून आलेले ओंडके अडकून पाण्याचा दाब वाढतो, सांध्यांत ओल साचून गंज चढतो. वरून रंग दिल्याने यांतील एकही दोष दूर होत नाही. म्हणून पावसाळा संपताच एकदा आणि मे महिन्यात पुन्हा एकदा पाया, सांधे, फळ्या आणि कठडा यांची जाणकार अभियंत्याकडून पाहणी व्हावी. गंज खरवडून काढावा, कुजलेल्या फळ्या बदलाव्यात, पाया शक्यतो कातळावर टेकवावा आणि पुराच्या खुणेहून साकव उंच राहील असे पाहावे. श्रमदान मोलाचेच; परंतु ओंडके काढणे आणि वाट नीट करणे येथवर ते ठीक. भार तोलणारे काम तज्ज्ञाकडेच असावे.

जमीन वनाची असल्यास वनाधिकाऱ्यांशी विचारविनिमय आधी करावा. अभयारण्यात तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे बंधन आहेच. नव्या रस्त्यासारख्या सार्वजनिक सोयीसाठी वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) मध्ये मार्ग आहे. त्यासाठी जमीन एक हेक्टरहून कमी असावी, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. तो ठराव ग्रामसभेनेच करावयाचा आहे.

माझी विनंती साधी आहे. आपल्या हद्दीतील प्रत्येक साकवाची नोंद एका वहीत करा : तो कोणी बांधला, कोणाच्या जमिनीवर आहे, शेवटची पाहणी केव्हा झाली. ज्याचा मालक सापडत नाही, त्याचा प्रश्न ग्रामसभेत आधी घ्या. धोकादायक साकव अडथळा उभारून खरोखर बंद करा. मात्र त्याच दिवशी मुलांनी शाळेत कोणत्या वाटेने यावयाचे, हेही ठरवा. वाट न देता साकव बंद केला, तर लोक अडथळा ओलांडतील आणि दोष त्यांना देता येणार नाही.

पावसाळ्यात कोणती मुले कोणत्या दिवशी गैरहजर राहतात, हे शिक्षकांच्या हजेरीपटात असते. साकवाचा पहिला अहवाल तेथेच लिहिलेला आहे; तो आपण वाचावा, एवढेच मागणे.