पहाटेचा डबा



आज आम्ही तुमच्यापुढे डब्याविषयी बोलणार आहोत. हसू नका. डबा हा थट्टेचा विषय नव्हे. पहाटे साडेचार वाजता अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या कुठल्याही वस्तीतून एक फेरी मारून या. बाहेर काळोख असतो, पण स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो. कुकरची शिट्टी ऐकू येते. कोणाला कारखान्यातली सातची पाळी गाठायची असते, कोणाला मुंबईची गाडी. बदलापूर ते मुंबई सुमारे ६८ किलोमीटर. लोकलने जायला दीड तास, यायला दीड तास. म्हणजे माणूस बारा-बारा तास घराबाहेर. एवढ्या वेळात त्याच्या पोटात काय जाते, हा प्रश्न लहान कसा म्हणावा?

आम्हालाही पूर्वी तो लहानच वाटे. मॅट्रिक होऊन आम्ही मास्तर झालो, पुढे मुख्याध्यापक झालो. एके दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी चौथीतला एक मुलगा रांगेत मट्कन खाली बसला. आम्हाला वाटले, सोंग करतो आहे. आम्ही त्याला दटावले. मग पाहिले तर पोराचे ओठ पांढरे पडलेले. त्याला ऑफिसात नेऊन पाणी दिले आणि विचारले, "काय रे, सकाळी काय खाल्लेस?"

"चहा-बटर."

"आणि रात्री?"

"रात्री झोप लागली, गुरुजी."

त्याच्या आईला बोलावले. बाई कारखान्यात औषधांच्या खोक्यांचे पॅकिंग करीत. पाळी सातची. नवऱ्याची पाळी दुपारी तीनची. तो रात्री बाराला येई आणि सकाळी झोपलेला असे. आम्ही बाईंना चार शब्द सुनावण्याच्या तयारीत होतो. पण त्यांच्याकडे पाहून वेगळेच विचारले, "बाई, तुम्ही काय खाता?"

त्या म्हणाल्या, "कंपनीत चहा होतो ना, गुरुजी. मग बाराला डबा उघडते. काल रात्रीचा भात असतो. कधी उघडला की वास येतो. मग पुन्हा चहा."

घरी आल्यावर आम्ही आमच्या सौभाग्यवतींना विचारले, "तुम्ही सकाळी केव्हा जेवता?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तीस वर्षांनी विचारता होय?" आमच्या डब्यात रोज दोन भाकऱ्या आणि भाजी असे. त्यांच्या ताटात उरलेले असे. उरले नाही तर चटणी-भाकरी. हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही दुसऱ्यांच्या मुलांना आरोग्याचे धडे देत होतो.

हे एका घरचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत असे दिसले की, १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर बायकांपैकी निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आपला महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही. स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळून जातात. बाई म्हणते, कामाचा थकवा आहे. तो नेहमीच कामाचा नसतो. अशी लक्षणे असतील तर आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. गोळ्या दिल्या तर त्या नेमाने घ्या. आम्ही डब्याची गोष्ट सांगतो आहोत, ती औषधाच्या ऐवजी नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, चांगले खावे हे आम्हालाही कळते. पण वेळ कुठे आहे?" बरोबर आहे. पहाटे साडेचारला उठून कोणालाच काही सुचत नाही. म्हणून सुचण्याचे काम पहाटेवर ठेवू नये. ते रविवारी उरकून घ्यावे.

त्या मुलाच्या आई पुढे आमच्या रात्रीच्या वर्गात येऊ लागल्या. अक्षरे जुळू लागली तेव्हा आम्ही त्यांना पाठ म्हणून दिला, आठवड्याचा डबा लिहा. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिले. सोमवार, मूग. मंगळवार, मटकी. बुधवार, पाला. गुरुवारी काय ते त्यांना सुचेना, म्हणून जागा रिकामी ठेवली होती. मटकीतला 'की' ऱ्हस्व होता. आम्ही त्या दिवशी लाल पेन्सिल काढली नाही. तो कागद चुलीजवळच्या भिंतीवर लागला.

कागदाचा उपयोग कसा होतो, ते मटकीवरून पाहा. मंगळवारच्या डब्यात मटकीची उसळ हवी, तर मंगळवारी पहाटे आठवून काय उपयोग? रविवारी रात्री मटकी भिजत घालावी. सोमवारी सकाळी कामावर जाण्यापूर्वी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. उन्हाळ्यात सोमवारी रात्रीपर्यंत मोड येतात. थंडीत जास्त वेळ लागतो, तेव्हा एक दिवस आधी भिजवावी. सोमवारी रात्रीच कांदा चिरून, लसूण सोलून ठेवला की पहाटे फक्त फोडणी आणि एक वाफ. पंधरा-वीस मिनिटांत उसळ होते. मोड आणण्याला पैसा लागत नाही. कष्टही नाहीत. लागते ती फक्त आठवण, आणि आठवण कागदाने राहते.

उसळीवर लिंबू पिळावे. कडधान्यातले आणि पाल्यातले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. चहाने उलटे होते. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह नीट अंगी लागत नाही. म्हणून दोहोंत तासाभराचे अंतर असावे. कारखान्यातला चहा सोडा असे आम्ही सांगणार नाही. आम्हालाच सुटत नाही. फक्त तो डब्यापासून दूर ठेवा. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडे लोह तिच्यातूनही मिळते. पण झाल्यावर भाजी कढईत ठेवू नये, काढून घ्यावी.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगतो. त्याच्यासाठी आमच्या सौ.नी नाचणीची आंबील सुचविली. रात्री वाटीभर पाण्यात दोन-तीन चमचे नाचणीचे पीठ कालवून ठेवायचे. सकाळी ते उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवायचे. निवल्यावर ताक आणि मीठ घालायचे. दहा मिनिटांचे काम. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास. कॅल्शियम म्हणजे हाडांचा चुना. नाचणीला आपण गरिबाचे धान्य म्हणून मागे टाकले. आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या जगात भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आता दुकानात नाचणीची बिस्किटे महाग मिळतात. असो.

ही आंबील कोण करी, ठाऊक आहे? मुलाचा बाप. दुपारची पाळी असली तरी तो सातला उठू लागला. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, पोराने नाक मुरडले. आठ दिवसांत हात बसला. घरात दोन माणसांच्या दोन पाळ्या असतील तर चूल एकीच्याच गळ्यात का? भाकरी थापता येत नसेल तर कांदा चिरावा, डबे घासावे. डबा घासायला काही शाळा शिकावी लागत नाही.

उल्हासनगरच्या सिंधी घरांतून आम्ही एक गोष्ट शिकलो. फाळणीनंतर ही मंडळी सिंध सोडून आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांना राहावे लागले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांची कोकी तुम्ही खाल्ली आहे का? गव्हाच्या पिठात तेल, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून घट्ट मळतात. जाड लाटून अर्धवट भाजतात. मग ती पुन्हा लाटून मंद आचेवर खरपूस भाजतात. अशी कोकी दिवसभर चांगली राहते, म्हणून ते ती प्रवासात नेतात. दुसरी त्यांची साई भाजी. पालक, हरभऱ्याची डाळ आणि घरात असतील त्या भाज्या एकाच भांड्यात शिजवून घोटतात. एका भांड्यात डाळही आली, पालाही आला. तिसरी सेयल मानी. कालच्या पोळ्यांचे तुकडे कांदा-टोमॅटोच्या रश्शात शिजवायचे. आपली फोडणीची पोळी, तिचीच ही बहीण. कागदावरची गुरुवारची रिकामी जागा साई भाजीने भरली.

आपल्याकडे थालीपीठ आहेच. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने वेगवेगळे भाजून दळून आणावे. ही भाजणी कोरड्या डब्यात महिनाभर राहते. पावसाळ्यात थोडीथोडीच दळावी, नाहीतर जाळी धरते. कारळ्याची, जवसाची, दाण्याची चटणी रविवारी कुटून ठेवावी. ज्या दिवशी काहीच जमले नाही, त्या दिवशी भाजणी आणि चटणी घरची अब्रू राखतात.

पावसाळा सुरू झाला की आदिवासी बाया टाकळा, कुरडू, शेवळे घेऊन बाजारात बसतात. जरूर घ्या. शेवळाला खाज असते, ती मारायला काकडाची फळे लागतात, हे विसरू नका. आणि अशी भाजी रात्री निवडून ठेवा. पहाटे झोपेत पाला निवडला तर डब्यात अळीही जायची.

आता शिळ्या भाताचे. इथे मात्र नीट लक्ष द्या. रात्री शिजवलेला भात तसाच उबेत राहिला तर त्यात एक जंतू वाढतो. तो एक विष तयार करतो. सकाळी भात परतला, फोडणी दिली, तरी ते विष जात नाही. उलट्या होतात. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी भात पसरून लवकर निववावा आणि दोन तासांच्या आत आत ठेवावा. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करावा. फ्रीज नसेल तर डब्याचा भात सकाळीच लावावा किंवा भाकरी न्यावी. ओल्या नारळाचे वाटण, पातळ रस्सा, चिरलेला कच्चा कांदा उन्हाळ्यात डब्यात नको. कोरडी भाजी, सुकी उसळ टिकते. आणि वाफाळता डबा तसाच झाकू नका. झाकणाला घाम सुटतो, पाणी खाली गळते, भाजी आंबते. भरताना थोडी वाफ जाऊ द्या. वास आला तर टाकून द्या. अन्न टाकू नये हे खरे, पण पोटही उकिरडा नव्हे.

थोडे गणित करू, म्हणजे आमचा मास्तरपणा सार्थकी लागेल. समजा, स्टेशनवर दोन वडापाव आणि चहा मिळून ५० रुपये झाले. महिन्याला २५ दिवस काम. ५० गुणिले २५ म्हणजे १२५० रुपये. एवढ्यात घरी किती मटकी, किती नाचणी येईल, तो हिशेब तुम्ही आज रात्री आपापल्या वाण्याच्या भावाने करा. वडापाव आम्हालाही आवडतो. पण रोजचे जेवण म्हणून मैद्याचा पाव आणि तळलेला वडा पुरत नाही.

एक मुठीएवढी पुरचुंडी पिशवीत नेहमी असू द्या. भाजलेले दाणे, फुटाणे, गूळ. आपल्या भागात गाडी कधी अडकेल, सांगता येत नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. रात्रभर माणसे गाड्यांत आणि रस्त्यांवर होती. पुढे २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली. हजारावर प्रवासी तासन् तास आत होते. बोटी आणून त्यांना काढावे लागले. अशा वेळी मूठभर फुटाणे आणि पाण्याची बाटली म्हणजे काय, ते मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आईला विचारा.

आमच्या घरी आता डबे दोन भरत नाहीत. आम्ही निवृत्त झालो. पण भिंतीवर कागद आहे. त्यावर दिवसाच्या पुढे दोन रकाने आहेत. एकात लिहायचे, काय केले. दुसऱ्यात लिहायचे, तिने केव्हा खाल्ले. दुसरा रकाना भरण्याचे काम आमच्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात तीन दिवस तिथे 'साडेतीन वाजता' असे लिहावे लागले.

आता पाट्या काढा. प्रत्येकाने येत्या सोमवारपासून शनिवारपर्यंतचा आपल्या घरचा डबा लिहायचा आहे. पुरुषांनीसुद्धा. ज्याला सुचणार नाही, त्याने तो दिवस रिकामा ठेवावा. आम्ही फिरून पाहतो.