कमळाचे भाऊबंद कोण?



कासच्या पठारावरचं कुमुदिनीचं तळं तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. झालरीच्या पाकळ्यांची ती पांढरी फुलं दिसली की सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ही तर छोटी कमळंच!’ नाहीत हो. कमळाचे भाऊबंद बघायचे तर पसरणीचा घाट चढून पाचगणीला जा आणि सिल्व्हर ओक बघा. दुसरा भाऊबंद काश्मीरचा चिनार. कुमुदिनीची भावकी त्याच पठारावर पिवळीधमक पसरलेली असते, ती सोनकी. आणि वॉटर लिली? तिची फांदी फुलझाडांच्या वंशवृक्षात पार बुडाशी फुटलेली.

कमळाचं हे नातं ठरलं रुबिस्को या विकराच्या जनुकावरून. १९९३ मध्ये मार्क चेस आणि त्यांच्या चाळीसेक सहकाऱ्यांनी सुमारे ५०० जातींमधलं रुबिस्कोचं जनुक अक्षर अक्षर लावून ताडून पाहिलं, आणि कमळ चिनाराशेजारी जाऊन बसलं.

जनुक ताडून नातं कसं कळतं? गोड्या मसाल्याची कृती घ्या. आईच्या वहीतून लेकीनं उतरवली, तिच्या वहीतून नातीनं. उतरवताना चूक होतेच. धन्याचं मापच चुकलं तर मसाला फसतो आणि ती वही पुढे कुणी उतरवून घेत नाही. पण कुणी ‘चार वाट्या धने’चं ‘धने चार वाट्या’ केलं, तर चव तीच राहते आणि ती खूण मात्र पुढच्या प्रत्येक वहीत जाते. ज्या वह्यांत अशा नव्या खुणा सारख्या, त्या एका घरातून निघालेल्या. वहीचं पुठ्ठं कसंही असो! रुबिस्कोचं हे जनुक हरितलवकात असतं आणि बहुतेक फुलझाडांत ते आईकडूनच येतं, म्हणजे वहीसारखंच.

पुन्हा सांगतो, पुठ्ठ्यावर जाऊ नका. पाण्यावर पान तरंगवायचं म्हटलं की कुणालाही ते पसरट करावंच लागतं. त्यावरून नातं जुळत नाही. 

बरं, वह्या फार जुन्या झाल्या तर? रोडोस्पायरिलम रुब्रम नावाचा एक जांभळा जीवाणू आहे. त्याच्या रुबिस्कोची अमिनो आम्लं पालकाच्या रुबिस्कोशी तीसेक टक्केच जुळतात. पण दोघांचे स्फटिक करून, क्ष-किरणांनी त्यांची घडी पाहिली तर मुख्य साखळीचा पीळ तोच, आणि क्रियास्थळी लायसिनही ठरल्या जागी. बहुतेक शब्द बदलले, मसाला तोच. म्हणून फार दूरचं नातं अक्षरांत सापडेनासं झालं की आकारात शोधायचं.

मात्र एकाच वहीवर भिस्त ठेवू नये. एक तर ती आईकडची बाजू सांगते, बापाकडची नाही. दुसरं, ही वही बदलते फार सावकाश, त्यामुळे अगदी सख्ख्या जाती तिला वेगळ्या सांगता येत नाहीत. म्हणूनच २००९ मध्ये वनस्पतींची ओळख पटवायला रुबिस्कोच्या जोडीला मॅट-के हे दुसरं जनुक घेण्याचं ठरलं. ते जरा भराभर बदलतं. पण आपल्या कंदीलपुष्पांसारख्या जातींत तेही कितपत पुरतं, हे सांगायला... स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवतायत. मसाल्यानंच वेळ खाल्ला.