परांची आणि उभारणी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



जळीत कक्षातील एका मुलीचे वडील वृत्तपत्राचे कात्रण घेऊन आमच्या कार्यालयात आले होते. जेलीसारख्या पदार्थात पेशी वाढवून नवी त्वचा तयार करता येते, अशा आशयाचा तो मजकूर होता. "साहेब, हे आमच्या मुलीला मिळेल का? लागेल तो खर्च करू," एवढेच ते म्हणाले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेब कळतो, पेशींचे शास्त्र नव्हे. म्हणून आमच्या डॉक्टरांकडून विषय समजून घेतला आणि मगच उत्तर दिले. तेच आज आपणांसमोर मांडीत आहोत.

सब्जाचे बी पाण्यात भिजविले की त्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण फुगते. ते पॉलिसॅकराइडचे, म्हणजे शर्करेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे जाळे असते आणि त्यात भरपूर पाणी सामावते. अशा जलधारक जाळ्यास हायड्रोजेल म्हणतात. समुद्री शेवाळापासून अल्जिनेट मिळते, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून कायटोसान. हायल्युरोनिक आम्ल तर आपल्या त्वचेत व सांध्यांत मुळातच असते.

इमारत उभी राहताना गवंड्याला परांची लागते, तसाच पेशींनाही वाढण्यासाठी आधार लागतो. हायड्रोजेल तो आधार देते. पेशींनी स्वतःची ऊती घडवीत जावे आणि तसतसे जेलीने विरून जावे, अशी अपेक्षा असते. परांची लवकर सुटली तर काम ढासळते. राहून गेली तर नव्या ऊतीला जागा उरत नाही. हा मेळ साधणे कठीण आहे. हायल्युरोनिक आम्लाचे विघटन करणारे विकर आपल्या शरीरात आहे, अल्जिनेटचे नाही. शिवाय नुसत्या अल्जिनेटला पेशी नीट चिकटत नाहीत. त्यासाठी प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे त्यास जोडावे लागतात.

दुसरी अडचण रक्तपुरवठ्याची. केशवाहिनीपासून सुमारे ०.२ मिलिमीटरपलीकडे असलेल्या बहुतेक पेशींना प्राणवायू अपुरा पडतो. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे तेथील वाट थोडी सुकर आहे. नाळेतील रक्तापासून मिळविलेल्या मूलपेशी हायल्युरोनिक आम्लाच्या जेलीतून गुडघ्याच्या कूर्चेत बसविण्याच्या उपचारास दक्षिण कोरियाने २०१२ साली मान्यता दिली. त्वचेच्या बाबतीत अमेरिकेतील यानास व शल्यचिकित्सक बर्क यांनी कोलॅजेन आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हे पॉलिसॅकराइड यांचा सच्छिद्र आधार तयार केला. १९८१ साली त्याचा रुग्णांवरील वापर प्रसिद्ध झाला आणि १९९६ साली त्यास तेथे मान्यता मिळाली. मात्र त्यावरही शेवटी रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेचा पातळ थर लावावा लागतो. घर्मग्रंथी व केसांसह संपूर्ण त्वचा तयार करून बसविण्याचा उपचार आज रुग्णांसाठी उपलब्ध नाही.

हे सारे ऐकल्यावर त्या गृहस्थांनी कात्रणाची घडी खिशात ठेवली आणि विचारले, "मग आज काय करता येईल?"

आज पुष्कळ करता येते. अल्जिनेटची मलमपट्टी जखमेतील स्राव शोषून घेते, स्वतः जेलीरूप होते आणि जखम ओलसर ठेवते. स्रवणाऱ्या जखमांना ती उपयोगी पडते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णास त्वचापेढीतील त्वचा तात्पुरते संरक्षण देते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्वचादान करता येते. मांड्या, पाय, पाठ येथील केवळ वरचा पातळ थर घेतला जातो आणि रक्तगट जुळावा लागत नाही.

देणगीदारांपैकी काहींनी आपली रक्कम अशा नवीन शास्त्रासाठीच वापरावी, अशी इच्छा व्यक्त केली आहे. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. संशोधन व्हावयासच हवे. परंतु त्याचे स्थान सुसज्ज संशोधन संस्थांत आहे. आमच्यासारख्या रुग्णालयाने तशी पाटी लावून कुटुंबांची आशा वाढविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आपली देणगी मलमपट्टी, शस्त्रक्रिया व दीर्घ शुश्रूषा यांसाठी खर्च व्हावी आणि त्वचादानाचा विचार आपण घरी अवश्य बोलून ठेवावा, ही नम्र विनंती.